मास्तरांच्या घरचं पाणी

माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा काशीला आली, तेव्हा आमच्या घरमालकांनी, म्हणजे मास्तरांनी, तिला सगळ्यात आधी कुठे नेलं असेल? शहराबाहेरच्या मैलापाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात. विश्वनाथ दुसऱ्या दिवशी. "दर्शन कुठे पळून जात नाही, वहिनी. पण तिथला बडा साहेब आज सुट्टीवर आहे, चौकीदार आत सोडेल," असं त्यांचं म्हणणं. आई ठेवणीतली इरकल नेसून, फुलांची पुडी घेऊन निघाली होती. ती पुडी हातात तशीच धरून ती त्या मोठाल्या टाक्यांच्या कठड्याशी उभी राहिली आणि मास्तर तिला समजावून सांगू लागले. "विरजण लावता ना तुम्ही? तसंच आहे हे. आत जंतू असतात, त्यांना खालून हवा द्यायची. ते घाण खातात, जाड होतात, तळाला बसतात. वरचं पाणी निवळतं." शेवटच्या हौदातलं पाणी त्यांनी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि आईपुढे धरलं. आईनं बिचारीनं पदर सावरून हुंगलंसुद्धा. "हे आता शेतात जाणार," मास्तर म्हणाले. घरचं कार्य निर्विघ्न पार पडल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. परतताना आई ऑटोत मला हळूच म्हणाली, "माणूस बरा आहे रे, पण याला कुणीतरी जरा बसवून ठेवा."

ते मात्र कुणालाच जमलं नव्हतं. बँकेनं माझी बदली बनारसला केली आणि मंगला गौरीच्या गल्लीत एका मराठी घरात वरची खोली मिळाली म्हणून मी खूश झालो. मराठी जेवण, मराठी बोलणं, दुसरं काय हवं? पहिल्याच दिवशी पाहिलं, तर घरमालक चौकातून येरझारा घालत जेवत होते. हातात ताट, तोंडात घास आणि पाय चालू. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, डोळ्यांवर जाड चष्मा. घराणं मूळचं कोकणातलं, पण कोकण त्यांच्या आजोबांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, तीही हिंदी मिसळलेली. गल्ली त्यांना 'मास्टर साहब' म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की 'नालीवाले मास्टर'. मला ते कधीच नावानं हाक मारत नसत. मी 'बँकवाले'.

"बँकवाले, तुमच्या साताऱ्याच्या घरचं पाणी कुठे जातं?" हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नळाचं?" ते म्हणाले, "नळाचं येतं. जातं ते विचारतोय." मला सांगता येईना. गटारात जातं म्हटलं, तर गटार कुठे जातं, ओढ्यात जातं म्हटलं, तर ओढा कुठे जातो. मी वैतागलो. नवीन माणसाला चहा तरी विचारावा की नाही? पण ही त्यांची रीतच होती. कुणाकडे गेले तरी आधी मोरी बघायचे, मग खुर्ची. स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी हेच विचारलं होतं. मुलाचे वडील म्हणाले, "मागून वरुणा नदी वाहते, तिच्यात सोडतो, काही झंझट नाही." झंझट तिथेच सुरू झाली आणि ते स्थळ तिथेच संपलं. पुढे मुलीनं स्वतःच इंदूरचा मुलगा बघितला आणि बापाला सासरच्या मोरीपर्यंत पोचूच दिलं नाही. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

घरात राहायचं म्हणजे मास्तरांचे नियम आले. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. कपडे पिळलेलं पाणी फरशीला. अंघोळीचं पाणी घमेल्यात साठवून संडासाला. मी एकदा थेट नळाची बादली भरून संडासात ओतली. मास्तर बाहेरच उभे होते, बहुतेक बादलीच्या आवाजावर कान ठेवून. "प्यायचं पाणी ओतलंत?" त्यांनी असं विचारलं की जणू मी गंगेत विष कालवलं होतं. मला राग यायचा, अगदी मनापासून यायचा. बँकेत दिवसभर लोकांची कटकट, घरी आलं की ही. दोनदा मी खोली सोडायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा काकूंनी थालीपीठ लावलं.

काकू मास्तरांच्या अगदी उलट. शांत, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार. पण रोज पहाटे काठी टेकत घाटावर जायच्या आणि गंगेत बुडी मारून यायच्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचा हा नेम. आजारपण, महापूर एवढीच सुट्टी. आल्या की गंगेच्या पाण्यानं देव धुवायच्या. देवघर चौकाच्या कडेला, तळमजल्यावर. सासूनं सोपवलेले देव. मास्तर त्या बाजूला फिरकत नसत. गंगेतही ते कधी उतरत नसत. "मी रसायन शिकवलंय," एवढंच म्हणायचे. पण काकूंना जाऊ नको असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. उलट रोज त्या निघाल्या की दारापर्यंत यायचे आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत गल्लीत उभे राहायचे. तेवढाच काय तो त्यांचा उभं राहायचा वेळ.

मास्तरांच्या अंगात ही बेचैनी कुठून आली, मला माहीत नाही. गल्लीत नवीन सीवरची लाइन पडली तेव्हापासून ती वाढली असं काकू सांगायच्या. नवी लाइन मैला उचलून थेट कारखान्यात नेणार होती. दारोदारी जोडण्या झाल्या. पण जुन्या घरांखाली जुन्या विटांच्या नाल्या होत्याच. कुणाचं नव्या लाइनमध्ये जातं, कुणाचं जुन्या नालीतून घाटाच्या पायऱ्यांखालून नदीत जातं, हे वरून दिसणार कसं? मास्तरांनी उपाय काढला. होळीचा पक्का रंग आणायचा, लोकांच्या मोरीत ओतायचा आणि गल्लीतल्या सीवरचं झाकण उघडून बघत बसायचं. रंग आला तर ठीक. नाही आला तर घाटावर धावायचं.

पहिला प्रयोग त्यांनी कोपऱ्यावरच्या हलवायाच्या घरी केला, आणि रंग निवडला लाल. एवढा शिकलेला माणूस, पण हे सुचलं नाही. घाटाच्या कोपऱ्यात दोन पायऱ्यांच्या सांध्यातून लालभडक पाणी झिरपायला लागलं. आम्ही धापा टाकत पोचेपर्यंत तिथे झेंडू वाहून झाला होता. एक म्हातारी हात जोडून बसली होती, दोघीतिघी गात होत्या, कुणी नारळ आणायला धावला होता. "मैया परगट भई हैं," म्हातारी मास्तरांना म्हणाली. मास्तर किंचाळले, "अम्मा, मैया नहीं हैं! हलवाई का पाखाना है!" त्या दिवशी आम्ही मार कसा चुकवला ते मला अजून कळलेलं नाही. मी त्यांना दंडाला धरून ओढत आणलं, आणि ते वाटभर मागे वळून ओरडत होते, "छूना मत, अम्मा! हाथ धोइए!"

हलवाई चिडला, आणि चिडणारच. भर गल्लीत येऊन म्हणाला, "मास्टर साहब, सबके घर में रंग डालते हैं, तनी अपने घर में भी डालिए न!" मास्तर हसले. गल्लीतली पहिली जोडणी त्यांच्या घरची. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते, तेही या हलवायाकडूनच घेतलेले. "कल सुबह आइए," ते म्हणाले. "आप खुद झाँकिए."

सकाळी मास्तरांनी निळा रंग घेतला. लालचा धडा मिळाला होता. घरात संडास एकच, तळमजल्यावर मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून. त्यात त्यांनी रंग ओतला, वर माझ्याकडून बादलीवर बादली ओतून घेतली आणि आम्ही गल्लीत आलो. हलवाई झाकणापाशी उकिडवा बसला होता. आम्ही तिघं खाली वाकून बघत राहिलो. पाणी येत होतं, मळकट, फेसाळ, पण निळं नव्हे. "जरा वेळ लागतो," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "उतार कमी आहे." मग झाकणाभोवती गोल गोल फिरायला लागले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला काकू दिसल्या. हळूहळू काठी टेकत येत होत्या. त्यांच्या फिकट लुगड्याची कड गुडघ्यापर्यंत निळी झाली होती. हातातल्या तांब्यातलं पाणी निळं होतं. त्यांना काही कळलं नव्हतं. "अहो, आज गंगेला काय झालंय बघा," त्या म्हणाल्या. "कुणी काही सोडलंय की काय?" हलवाई उठला, त्यानं काकूंना नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

कसं झालं ते मग उलगडलं, आणि चूक खास या घरची होती. जोडणी करायला माणसं आली तेव्हा घरात नवरात्र बसलं होतं. देवघरात घट, अखंड दिवा, सोवळं. मागच्या संडासाकडे जायची वाट देवघरावरून. मजूर चिखलाच्या पायांनी आत येऊ लागले, तशा काकू आडव्या आल्या. मिस्त्रीनं विचारलं, "पीछे वाला कहाँ जाता है?" आणि अख्ख्या काशीला हाच प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसानं दारातून सांगून टाकलं, "सब इसी में मिलता है." त्यांना तसं खात्रीनं वाटत होतं. मजुरांनी पुढची मोरी जोडली आणि ते गेले.

मास्तरांनी त्याच दिवशी संडासाला कुलूप लावलं. आम्ही सगळे बाजारातल्या सार्वजनिक शौचालयात जायला लागलो. मी तणतणत जायचो, मास्तर पळत जायचे, आणि काकू काठी टेकत, मान खाली घालून. ओळखीची माणसं वाटेत नमस्कार करायची. त्यांचं ते जाणं बघवत नव्हतं. पण त्याहून वाईट म्हणजे काकूंनी गंगेला जाणं सोडलं. भांडण नाही, बोलणं नाही. पहाटे उठायच्या, नळाखाली बसून अंघोळ करायच्या आणि नळाच्या पाण्यानं देव धुवायच्या. मास्तर सवयीनं दाराशी येऊन उभे राहायचे, आणि काकू आतच असायच्या.

एकदा ते न राहवून म्हणाले, "दुसऱ्या घाटावर जा ना. भोसले घाटावर मी सोडतो तुला."

"तिथे कुणाचं असेल?" काकू म्हणाल्या. मास्तर दारातून आत वळले.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याला पायताणासकट आत नेलं. त्यानं मोजमाप केलं आणि डोकं हलवलं. गल्लीवर इतक्या वर्षांत फरशीवर फरशी चढलेली, घर तेवढंच खाली राहिलेलं. संडास सीवरच्या खाली. "पानी ऊपर ना चढ़ी, मास्टर साहब." पंप बसवा म्हणाला. मास्तर म्हणाले, वीज गेली की सगळं चौकात येईल, देवघरात शिरेल. मग एकच जागा उरली. जिन्याचा मधला टप्पा रुंद होता. तिथे संडास बांधला तर पाणी आपोआप उतारानं जाणार होतं, आणि काकूंना तेवढ्या पायऱ्या कठड्याला धरून चढता आल्या असत्या. पण त्या टप्प्याच्या बरोबर खाली देवघर.

देवांच्या डोक्यावर संडास! काकू ते ऐकूनही घेईनात. मग देव हलवायचे, पण कुठे? तळमजल्यावर दुसरी जागा म्हणजे पुढची खोली, तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला आणि स्वतः मास्तर. देवांना दोन्ही सोसायचं नाही, असं काकूंचं मत. राहिली सगळ्यात वरची खोली, म्हणजे माझी. तिथे काकूंना चढणं अशक्य. मास्तर चौकात फेऱ्या मारायचे, थांबायचे, काही बोलायला तोंड उघडायचे आणि पुन्हा चालू लागायचे. त्यांना ठाऊक होतं की हे देव म्हणजे काकूंचा अर्धा दिवस. नदी तर गेलीच होती, आता देवही काढून घ्यायचे कोणत्या तोंडानं? मी स्वतः खोली सोडतो म्हणालो, तर दोघंही माझ्यावरच ओरडले.

शेवटी काकूच बोलल्या. त्या गहू निवडत बसल्या होत्या आणि मास्तर त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "देव वर जाऊ देत. बांधून घ्या ते."

"आणि पूजा?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही करायची."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"मतलब, मी खाली बसून सांगते ना. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत, आता जरा शिका. मला गंगा पाहिजे. घरात बसून मला श्वास येत नाही." मास्तर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बसले, म्हणजे खरंच बसले, आणि गहू निवडायला लागले.

देव माझ्या खोलीत आले आणि मी संकठा घाटाच्या बाजूला दुसरी खोली घेतली. पण सकाळी बँकेत जायच्या आधी मी तिकडे चक्कर मारायचोच, कारण तो तमाशा चुकवण्यासारखा नव्हता. बनारसच्या घरांत चौकावर प्रत्येक मजल्याला लोखंडी जाळी असते. काकू खाली पाटावर बसून वर जाळीकडे तोंड करायच्या. "आधी दिवा! मग घंटा! अहो, बाळकृष्णाला उलटा धरू नका!" वरून मास्तरांचा आवाज यायचा, "यातला बाळकृष्ण कोणता?" एकदा त्यांनी तीर्थाच्या भांड्यात अत्तर ओतलं, एकदा अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवायचा विसरून खाली आले आणि काकूंनी त्यांना परत वर पाठवलं. भर हिवाळ्यात त्यांना घाम फुटायचा. पण न चुकता करायचे. विश्वास होता की नव्हता, मी विचारलं नाही. मला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला.

बांधकाम पुरं झालं. मिस्त्रीनं जुनी नाली विटा लावून बंद केली. मास्तरांनी पुन्हा रंग ओतला, या वेळी हिरवा, आणि गल्लीतल्या झाकणाखालून हिरवंगार पाणी धो धो गेलं. मी आनंदानं ओरडलो. मास्तर ओरडले नाहीत. ते तडक आत गेले आणि काकूंना म्हणाले, "चल."

आम्ही तिघं घाटावर गेलो. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. काकूंना हात देत मास्तर खालच्या पायरीपर्यंत आले आणि बाजूला सरकून उभे राहिले. काकूंनी काठी माझ्याकडे दिली, पण त्या उतरल्या नाहीत.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"माझं काय?"

"आपलं पाणी आता यात नाही ना? मग उतरा."

"आपलं नाही, पण बाकीच्यांचं आहे," मास्तर पुटपुटले. "हलवायाचं अजून आहे. वरच्या अंगाला किती घरं आहेत, मला माहितीय त्यात काय काय..."

"आपलं होतं, तेव्हा मी उतरत होते," काकू म्हणाल्या. "रोज."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. मास्तरांनी एकदा नदीकडे बघितलं, एकदा त्या पायऱ्यांच्या सांध्याकडे. त्यांच्या डोक्यात काय काय चाललं असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, सगळं रसायन. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, सदरा काढला आणि काकूंचा हात धरून पाण्यात पाय घातला. तोंड घट्ट मिटून, नाक दाबून त्यांनी बुडी मारली. काकूंनी शेजारीच मारली. वर आल्या तेव्हा त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. मी दुसरीकडे बघत राहिलो.

मास्तर ओठ न उघडता आधी तोंड पुसून घेत होते. पुसून झालं तसे लगेच वळले. "बँकवाले, चष्मा द्या. हलवाई दुकान उघडायच्या आत गाठतो त्याला. त्याचा उतार मी बघून ठेवलाय, त्याला पंपसुद्धा लागणार नाही, आणि त्याच्या शेजारच्यांचं..."

"अहो," काकूंनी पाण्यातूनच हाक मारली. "आधी घरी जा. देव पारोसे आहेत."

मास्तर थांबले. मग ओल्या धोतरानं, दोन दोन पायऱ्या एका वेळी चढत, घराकडे निघाले.